स्वामी तटस्थानंदांविषयी खुलासा

स्वामी तटस्थानंद नावाचे कोणी सत्पुरुष होऊन गेले नाहीत. ते मी होतो, आणि तेही दरवर्षी फक्त जून ते ऑगस्ट.

एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीसहून अधिक वर्षं लागली. संपादकांनी फोन करून छापखान्यातल्या दिवसांविषयी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शाई, खिळे, जुनी यंत्रं असं काही असावं. तेही येईल. पण माझ्या डोक्यावर या स्वामींचं ओझं आहे, आणि वय बघता ते आता उतरवलेलं बरं.

कसबा पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यासाठी ज्याला पगार मिळतो तो. पुण्यात हे काम बहुतेक लोक हौसेने करतात, त्यामुळे माझ्या नोकरीचं नातेवाइकांना कधीच कौतुक वाटलं नाही.

आमच्या छापखान्याचं नाव होतं ते रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरमुळे. आता ती कॅलेंडरं फारशी दिसत नाहीत. वर पुठ्ठ्यावर देवाचं चित्र, चित्राखाली ज्याने वाटायला घेतली त्या दुकानदाराचं नाव, आणि त्याखाली पत्र्याच्या पट्टीत घट्ट आवळलेला तीनशे पासष्ट पानांचा गठ्ठा. पानावर मोठा आकडा, वार, तिथी, सूर्योदय, सूर्यास्त, आणि तळाशी दोन ओळींचा सुविचार. मागच्या बाजूला एखादी पाककृती. दसऱ्यापर्यंत गठ्ठे बांधून तयार लागत, म्हणून सगळा मजकूर जून ते ऑगस्टमध्ये जुळवून घ्यावा लागे. आकडे, तिथ्या पंचांगातून येत. चित्रं देवांची असत, त्यामुळे त्यांच्यात दरवर्षी बदल नसे. प्रश्न फक्त सुविचारांचा.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला एक सुविचारांचं जुनं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "गद्रे, यातून घ्या. तीनशे पासष्ट हवेत."

पुस्तक मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. म्हणजे जूनमध्येच, पण कॅलेंडरातल्या मार्चमध्ये. थोर माणसं मोजकं बोलतात असं म्हणतात, त्याचा फटका मला असा बसला. शिवाय जे बोलतात ते दोन ओळींत मावत नाही. मी हे गाऱ्हाणं आमच्या बांधणीखात्यातल्या यासीनभाईंपुढे मांडलं. यासीनभाईंचं घराणं चार पिढ्या पुण्यात, चारही पिढ्या पुस्तकबांधणीत. पत्र्याच्या पट्टीवर हातोडी मारता मारता ते म्हणाले, "गद्रेसाहेब, गेलेल्या माणसांनी अजून किती बोलायचं? आता जरा तुम्ही बोला."

मी बोलू लागलो.

आधी स्वतःचं नाव टाकायचा धीर नव्हता, म्हणून देशांची नावं टाकली. सबुरीचं वाक्य असलं की 'चिनी म्हण'. कामाचं असलं की 'जपानी म्हण'. बायकोविषयी असलं की 'रशियन म्हण', कारण तिथे जाऊन कोणी खात्री करून येणार नव्हतं. दोन वर्षं हे बरं चाललं. मग सदाशिव पेठेतून एक पोस्टकार्ड आलं. "महोदय, आपल्या कॅलेंडरानुसार गेल्या महिन्यात चीनने अकरा वेळा आणि जपानने सात वेळा शहाणपण दाखवले. त्या काळात भारत काय करत होता? कळावे."

अण्णांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "यांना एक आपल्यातला माणूस द्या," म्हणाले.

त्याच दिवशी अण्णा आणि यंत्रावरचा कारागीर यांच्यात पंख्यावरून कडाक्याचं वाजलं होतं. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की माणूस वितळतो. यासीनभाईंना दोघांनीही विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूने. ते म्हणाले, "मी दाराच्या बाजूने. तिथे वारा येतो." मला तो माणूस त्या क्षणी संत वाटला. मी कागद ओढला आणि लिहिलं, स्वामी तटस्थानंद.

स्वामींचा स्वभाव ठरायला वेळ लागला नाही. ते कोणाचीही बाजू घेत नसत. "पाऊस येईल असे वाटल्यास छत्री न्यावी, न आल्यास छत्री परत आणावी." "सुख शोधायला निघण्यापूर्वी चष्मा शोधावा." "शेजाऱ्याच्या ताटातली भाजी आपल्याच भाजीवाल्याकडची असते." असलं काहीतरी. यात तत्त्वज्ञान आहे असं मला वाटत नव्हतं. पण खाली 'स्वामी' लागलं की वाचणारा दोनदा वाचतो, आणि दोनदा वाचलेल्या कुठल्याही वाक्यात अर्थ सापडतोच.

या धंद्यातला एक दोष सांगतो. वाक्यं ज्या आठवड्यात लिहावीत त्या आठवड्यातलं घर त्यात उतरतं. एका जुलैत माझ्या सासूबाई आमच्याकडे तीन आठवडे राहायला होत्या. मी तेव्हा नोव्हेंबरची पानं लिहीत होतो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आमची ही, म्हणजे शैला, पान फाडताना थांबली.

"'पाहुणा सूर्यासारखा असावा, मावळण्याची वेळ आधी छापलेली असावी.' हे कोणी लिहिलं?"

"स्वामींनी."

"स्वामींच्या सासूबाई आल्या होत्या वाटतं," ती म्हणाली, आणि पान फाडून त्यावर कोथिंबीर निवडायला बसली. तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. तिने ते कुठे बोलून दाखवलं नाही. म्हणाली, सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं.

लोक सुविचार कसे वाचतात हे मला छापखान्याच्या दारात कळलं. एक गृहस्थ चिडून आले. त्यांनी नवीन वर्षाचा संकल्प म्हणून रोजचं पान त्या दिवशी पाळायचं ठरवलं होतं. एप्रिलपर्यंत पाळलं. चार एप्रिलला 'कमी बोलावे' असं होतं, ते दिवसभर गप्प बसले. पाच एप्रिलला 'मनातले बोलून टाकावे' असं होतं.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय. ती माहेरी आहे."

"सहा एप्रिलला काय होतं?"

"तेच विचारायला आलोय. सहाला तुमचं 'सूर्यनमस्काराचे फायदे' आहे. त्याने माझं काय होणार?"

अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि 'क्षमा मागणारा लहान होत नाही' हे पान ऑगस्टमधून काढून दिलं. ऑगस्टपर्यंत थांबता येत नाही म्हणून सोय. ते गृहस्थ पुढे दरवर्षी यायचे आणि कॅलेंडर घेण्याआधी एप्रिल तपासून घ्यायचे.

दुसरे आले ते खराडीकडचे एक शेतकरी. तेव्हा तिकडे काचेच्या इमारती उगवल्या नव्हत्या, ज्वारी उगवायची. पण जमिनीला गिऱ्हाईकं यायला लागली होती. त्यांना घरच्या लग्नात वाटायला कॅलेंडरं हवी होती. पानं चाळून झाल्यावर म्हणाले, "समदं झ्याक हाय. फकस्त काळी आई, जमीन इकू नये, असलं एकबी वाक्य नगं."

"का हो?"

"आमचं इकायचं ठरलंय. उगं रोज सकाळी उठून कशापायी वाचायचं?"

मी ती वाक्यं काढून 'बदल हाच निसर्गाचा नियम' अशी चार घातली. ते खूश झाले. आपल्याला आधीच पटलेलं कोणीतरी छापून दिलं की माणसाला केवढा आनंद होतो, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पाहिलं, पण त्यातून काही शिकलो नाही. शिकलो असतो तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

आता मुख्य गुन्हा.

आमच्याकडे एक पद्धत होती. संकष्टीच्या दिवशी पानावर चंद्रोदयाची वेळ ठळक टाकावी लागे, कारण त्यावर घरोघरी उपास सुटायचे. सुविचार चुकला तर कोणी येत नसे, चंद्रोदय चुकला तर अख्खी गल्ली दारात यायची. ती वेळ टाकायला एक ओळ लागे, आणि पानाची उंची ठरलेली. मग ओळ कोणाची जायची? सुविचाराची. म्हणजे एरवी दोन ओळींचं असणारं शहाणपण संकष्टीला एका ओळीत आटपावं लागे. महिन्यातून एकदा माझे स्वामी असे अर्धे व्हायचे.

एका फेब्रुवारीतल्या संकष्टीसाठी मी लिहिलं होतं, "घाईने हो म्हणू नये, पण उशीर झाला म्हणून नाही म्हणू नये." माझ्या मते स्वामींचं हे सर्वांत चांगलं वाक्य. अक्षरजुळाऱ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे लावले आणि हाक मारली, "गद्रे, चंद्र बसत नाही." मी स्वल्पविरामापुढचं सगळं काढून टाकलं. चंद्र बसला. छापलं गेलं, "घाईने हो म्हणू नये."

त्या फेब्रुवारीत, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, वसंतराव चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. वसंत केळकर म्हणजे आम्हाला कागद पुरवणाऱ्या दुकानातले तरुण विक्रेते, माझे मित्र. जवळच्या मुलींच्या शाळेत सुधा साने नावाच्या शिक्षिका होत्या, त्यांच्यावर यांचं मन होतं. ते मलाच काय, हातगाडीवाल्यालाही ठाऊक होतं. त्यांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढून माझ्यापुढे धरलं.

"मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, उद्या सांगते. काल तिने हे दिलं."

पान माझ्या ओळखीचं होतं. चंद्रोदयाची वेळ ठळक, सुबक.

"आणि काय म्हणाली?"

"काही नाही. हे दिलं आणि तासाला गेली." वसंतरावांनी पान पुन्हा घडी घालून ठेवलं. "हा तटस्थानंद कोण आहे हो? तुम्ही छापता ना? कुठे भेटेल?"

मी चहाचा घोट घेतला. तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य अर्धं आहे, दुसरा अर्धा भाग माझ्या टेबलाच्या खणात आहे, जा आणि तिला दाखव, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर स्वामी म्हणजे गद्रे हे गावभर झालं असतं, नोकरीची भीती, अण्णांचं नाव. मी म्हणालो, "ते हिमालयाच्या बाजूला असतात."

वसंतरावांनी पुढच्या वर्षी नागपूरच्या शाखेत बदली घेतली, तिकडेच लग्न केलं. सुधाताईंनी केलं नाही. त्या पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मी मात्र दर संकष्टीला जेवताना घास अडकलेला माणूस झालो.

पुढे छापखाना मिटला. आम्ही कोथरूडला राहायला आलो. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या इमारतीत सुधाताई राहायला आल्या. याला योगायोग म्हणू नये, पेठेतली माणसं म्हातारी झाली की शेवटी कोथरूडलाच येऊन साचतात. आणि गेल्या वर्षी पत्नीच्या निधनानंतर वसंतराव लेकीकडे राहायला आले. लेकीची सोसायटी आमच्या समोर.

सोसायटीमागच्या बागेत सकाळी आमचा हास्यक्लब भरतो. वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक गोल उभे राहून कारणाशिवाय हसतात. पुणेकराला कारणाशिवाय हसायला लावणं अवघड, म्हणून आधी थोडा व्यायाम असतो. हसून झालं की सुधाताई एक सुविचार वाचतात. त्यांच्याकडे जुन्या कॅलेंडरांच्या पानांचा एक डबा आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पान काढलं आणि वाचलं, "'सुख शोधायला निघण्यापूर्वी चष्मा शोधावा.' स्वामी तटस्थानंद." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी झाडाकडे बघत राहिलो.

वसंतराव क्लबात यायला लागले, पण स्वामींचं नाव निघालं की चप्पल घालून बागेबाहेर जात. "त्या माणसाने माझं वाटोळं केलंय," असं मला म्हणत. आणि हे म्हणताना माझ्या खांद्यावर हात ठेवत.

दरम्यान स्वामी फोनवरही पोचले. कोणीतरी त्यांची वाक्यं गुलाबाच्या चित्रावर टाकून पाठवायला लागलं. खराडीच्या आयटी कंपनीत असलेल्या माझ्या मुलाने एक फोटो पाठवला. त्यांच्या कॅन्टीनच्या भिंतीवर छत्रीचं वाक्य इंग्रजीत, शेजारी दाढीवाल्या माणसाचं चित्र. खाली मुलाने लिहिलं होतं, "बाबा, हे तुमच्या प्रेसवाले स्वामी ना? आमची एचआर एकदम फॅन आहे. त्यांच्यावर वर्कशॉप ठेवायचंय. कॉन्टॅक्ट मिळेल?" मी उत्तर दिलं, ते समाधिस्थ आहेत. दुपारी दोनची वेळ होती, ते खरंच आडवे झाले होते.

मग क्लबाने ठरवलं की स्वामींची पुण्यतिथी करायची. विमा कंपनीतून निवृत्त झालेले भिडे आमचे अध्यक्ष. ते म्हणाले, "गद्रे, तुम्ही प्रकाशनाशी संबंधित होतात. पुण्यतिथीची तारीख सांगा." आता मात्र माझ्याच्याने राहवेना. पुण्यतिथी स्वतःची सांगायची म्हणजे फार झालं. सुधाताई त्या दिवशी गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या. वसंतराव स्वामींचा विषय निघताच बाहेर गेले होते. मी गोलाच्या मध्यभागी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. स्वामी नव्हते, ते मी होतो.

मग मागून एक बाई हसल्या. व्यायाम सुरू झाला असं समजून आणखी चार जण हसले.

भिडे हसले नाहीत. "गद्रे, मी स्वामींना पाहिलंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"वाईला. घाटावर बसले होते. मी पायांवर डोकं ठेवलं. उंच होते, आवाज बारीक."

"अहो भिडे, ते नव्हतेच. मीच तो."

भिड्यांनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत बघितलं. "तुम्ही उंच नाही," ते म्हणाले.

एक जोशीकाकू माझ्या मदतीला आल्या. "असू द्या हो, या वयात होतं. आमच्या ह्यांना वाटायचं, पर्वतीच्या पायऱ्या त्यांनीच बांधल्या." भिडे थोडे नरमले आणि म्हणाले, "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. पण ती वाक्यं वाचा आणि स्वतःशी विचार करा. तुम्हाला एवढं सुचेल का?"

मी विचार केला. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

ठराव संमत झाला. पुण्यतिथी वाईला करायची, भिड्यांना जागा माहीत असल्यामुळे.

त्या आठवड्यात सोमवारी वसंतराव बागेतल्या बाकावर मला म्हणाले, "उद्या सुधाला परत विचारणार आहे. या वयात लोक हसतील, हसू देत. रोज सकाळी तेच तर करतात." मग म्हणाले, "भीती एकच. ती परत ते पान काढेल."

एकाच माणसाचं एकाच वाक्याने दोनदा वाटोळं करणं हे स्वामींनाही शोभलं नसतं. मी घरी आलो आणि शैलाला म्हणालो, "सुधाताईंकडे जाऊन सांगतो."

"जा."

"काय म्हणून सांगू?"

"इतकी वर्षं वाक्यं बनवलीत, एक कमी पडतंय?" ती म्हणाली.

मंगळवारी माझं पोट बिघडलं. बुधवारी सुधाताईंकडे डॉक्टर येणार होते असं मीच ठरवलं. गुरुवारी मी त्यांच्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत गेलो, लिफ्ट चालू होती म्हणून परतलो. शुक्रवारी शैलाने माझ्या हातात चकलीचा डबा दिला, म्हणाली, डबा दिल्याशिवाय घरात यायचं नाही.

सुधाताईंनी दार उघडलं, मला बसवलं, चहा केला. मी आरशासमोर म्हणून बघितलेलं भाषण सुरू केलं. छापखाना, सुविचारांचा तुटवडा, सदाशिव पेठेतलं कार्ड, स्वामी, संकष्टी, चंद्रोदय, कापलेली ओळ. त्या मुख्याध्यापिकेसारख्या ऐकत होत्या, म्हणजे मध्ये काही न बोलता आणि चेहऱ्यावर काही न दाखवता. शेवटी मी म्हणालो, "पूर्ण वाक्य असं होतं, 'घाईने हो म्हणू नये, पण उशीर झाला म्हणून नाही म्हणू नये.' तुमचं लग्न माझ्यामुळे मोडलं. मला क्षमा करा."

त्यांनी चकली तोडली.

"दुसरा अर्धा भाग जरा उपदेशी आहे," त्या म्हणाल्या. "कापलात ते बरं केलंत."

"अहो पण त्यामुळेच तुम्ही नाही म्हणालात ना?"

"कोण म्हणालं?"

"वसंतराव. तुम्ही त्यांना पान दिलंत."

"दिलं. पण नाही म्हणायचं आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. आम्ही सारसबागेत बसलो होतो. लग्नाचं विचारण्याआधी वसंता दोन तास कागदाविषयी बोलत होता. कुठला कागद शाई पितो, कुठला पीत नाही, पावसाळ्यात रिमं कशी फुगतात. मला तो आवडायचा हो. पण मी म्हटलं, जन्मभर रिमं? आता हे तोंडावर कसं सांगायचं? सकाळी शाळेच्या ऑफिसात गेले तर भिंतीवर तुमचं ते पान. बरं वाटलं. स्वतःला काही बोलावं लागलं नाही. त्या दिवशी 'संधी दार ठोठावते' असं काही असतं तर तसंच राहू दिलं असतं भिंतीवर, आणि दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं."

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"मग तुम्ही स्वामींची पानं इतकी वर्षं जपून का ठेवलीत?"

"मागच्या बाजूला पाककृती असायच्या ना. त्या काय सुरेख असायच्या. त्याही तुम्हीच लिहायचात का?"

"नाही. त्या यासीनभाई लिहायचे. बांधणीखात्यातले."

"त्यांना भेटायला आवडलं असतं मला," सुधाताई म्हणाल्या.

खरं सांगतो, क्षमा मागायला आलेल्या माणसाचा एवढा अपमान कोणी करू नये. चाळीस वर्षं मी एका वाक्याने दोन आयुष्यं मोडल्याचं दुःख वागवलं. त्या दुःखात, आता कबूल करायला हरकत नाही, थोडा अभिमानही होता. आपलं वाक्य इतकं जबरदस्त. आता कळलं की ते भिंतीवरच्या खुंटीसारखं होतं. ज्याला टोपी अडकवायची होती त्याने अडकवली.

"बरं, ते झालं," मी सावरून म्हणालो. "पण आता वसंतरावांनी पुन्हा विचारलंय. निदान आता तरी घाई नको, वगैरे मनात आणू नका."

"मंगळवारी विचारलं त्याने. बुधवारी मी हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही? क्लबात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही चार दिवस आला नाहीत ना. भिड्यांनी तुमच्या तब्येतीसाठी सगळ्यांना दोन मिनिटं हसायला लावलं."

"आता ते कागदाविषयी बोलत नाहीत?"

"बोलतो की. परवा पाऊण तास बोलला. पण आता कानाला यंत्र आहे, ते काढून ठेवते." मग त्यांनी चकलीच्या डब्याचं झाकण लावलं. "परवा काढलं नव्हतं. घरात कोणीतरी बोलतंय हे ऐकायला बरं वाटतं. कागदाविषयी का होईना."

मी उठलो. वसंतरावांनाही सगळं सांगून टाकतो म्हणालो. त्यांचा तरी मनातला राग जाईल.

"मुळीच नको," सुधाताई म्हणाल्या, आणि आवाज एकदम शाळेतला झाला. "त्याला रागवायला कोणीतरी लागतं. इतकी वर्षं तो स्वामींवर रागावलाय. स्वामी गेले तर तो राग कोणावर येईल? माझ्यावर. स्वामींना राहू द्या."

"पण मी हे दिवाळी अंकात लिहिणार आहे. त्यांच्या हातात पडलं तर?"

"पडू द्या. वसंता अंक वाचत नाही. कागद चोळून बघतो आणि ठेवून देतो."

त्यांच्या परवानगीनेच हे छापायला देतो आहे. भिड्यांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांनी स्वामींना पाहिलेलं आहे.

घरी आलो. शैला वाटाणे सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं," मी म्हणालो. "तेव्हाही नाही आणि आताही नाही. आणि सगळं नीट झालं."

"मग मी तरी तुमचं कुठे ऐकलं इतक्या वर्षांत," ती म्हणाली, आणि अर्धे वाटाणे माझ्याकडे सरकवले.